नकाशाखाली राहिलेला जुना कॉलम

साइटवरून फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी नुकताच डबा उघडला होता. "मॅडम, तिसऱ्या मजल्यावर दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये टॉयलेटचा दरवाजा बसत नाही. गवंडी विचारतोय भिंत कुठे घ्यायची." साइट इंजिनिअरचा आवाज शांत होता. तो शांत बोलायला लागला की मला धास्ती वाटते.

आमच्या शीटवर (नकाशाच्या पानावर) कॉलमच्या टोकापासून डक्टच्या, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीच्या, भिंतीपर्यंत ८५० मिलिमीटर जागा होती. त्यात १०० चा ब्लॉकचा तुकडा आणि ७५० चा दरवाजा. साइटवर टेप लावला तर जागा भरली ५५०. त्यानं तीनदा मोजलं होतं. मग स्ट्रक्चरलवाल्यांचं, म्हणजे इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या इंजिनिअरांचं, ड्रॉइंग काढून बघितलं, त्यात कॉलम ३०० बाय १०५० होता. आमच्या शीटवर तोच कॉलम ३०० बाय ७५० दिसत होता. म्हणजे ३०० चा फरक, आणि तो नेमका दरवाज्याच्या अंगावर आलेला.

इमारत त्यातल्या त्यात नशीबवान. काँक्रीट स्ट्रक्चरलच्या ड्रॉइंगप्रमाणेच पडलं होतं, त्यामुळे सांगाडा बरोबर होता. चूक आमच्या कागदावर होती. तीन फ्लॅटमधलं टॉयलेटचं ब्लॉकवर्क तोडावं लागणार, गवंड्याचे दोन दिवस जाणार, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्टर ते मोठ्यानं सांगणार. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. स्ट्रक्चरलचं आर४ ड्रॉइंग (आर म्हणजे रिव्हिजन, सुधारित आवृत्ती) आमच्याकडे ऑगस्टमध्ये आलं होतं. मी स्वतः ते सर्व्हरवर चढवलं होतं. मग डिसेंबरमध्ये काढलेल्या प्रिंटमध्ये आर२ चे कॉलम आले कुठून?

कामाची पार्श्वभूमी

आमचं आर्किटेक्टचं ऑफिस दादरला, माणसं नऊ. काम गोरेगावच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं, मुंबईच्या बांधकाम नियमावलीतल्या, डीसीपीआर २०३४ च्या, ३३(७)(ब) खालचं. दोन विंग, स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला), वर पोडियम पार्किंग, त्यावर घरं. आयओडी हातात होती. (बाहेरगावच्या माणसाला हे नाव समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत होते: इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नामंजुरीची सूचना, पण प्रत्यक्षात महापालिकेची अटींसकट परवानगी, आणि ती मिळाली की आम्ही पेढे वाटतो.) पार्किंगमध्ये बदल झाले, सुधारित प्लॅन गेला, त्यापायी कॉलम हलले. आर२ नंतर आर३ आला, तो आठवड्यातच मागे घेतला गेला, आणि मग आर४.

मुंबईतल्या बहुतेक ऑफिसांसारखीच आमची ऑटोकॅडची, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची, मांडणी. कॉलम, ग्रिड, जिना आणि लिफ्टचा कोअर, सर्व्हे या सगळ्यांच्या वेगवेगळ्या फायली एका फोल्डरमध्ये. मजल्यांच्या, सेक्शनच्या (उभ्या छेदाच्या) आणि एलिव्हेशनच्या (दर्शनी बाजूच्या) शीट दुसरीकडे. शीटमध्ये या मूळ फायली एक्सरेफ म्हणून जोडलेल्या. शीटच्या आत कॉलम नसतोच, असतो फक्त पत्ता: अमुक ड्राइव्हवर, अमुक फोल्डरमध्ये जा, कॉलमची फाइल उचल, इथे दाखव. स्ट्रक्चरलचा नवा रिव्हिजन आला की एकच फाइल बदलायची, आणि सगळ्या शीट पुढच्या वेळी उघडताना आपोआप नवा कॉलम दाखवतात. आमच्याकडे अशा ६१ शीट होत्या. एक्सरेफ नसतं तर आर४ साठी ६१ वेळा कॉपी-पेस्ट मारावी लागली असती.

या सोयीचा सगळा भार त्या पत्त्यावर असतो.

पत्ता तीन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, पूर्ण: ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत. दोन, सापेक्ष: शीट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून एक पायरी वर जा, मग एक्सरेफच्या फोल्डरमध्ये शिर. तीन, पत्ताच नाही, नुसतं नाव. ऑटोकॅड २०१८ पासून नवीन एक्सरेफ जोडताना सापेक्ष पाथ (म्हणजे पत्ता) आपोआप येतो. रेफपाथटाइप नावाचं एक व्हेरिएबल आहे, त्यात ० म्हणजे पाथ नाही, १ म्हणजे सापेक्ष, २ म्हणजे पूर्ण. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण पाथ हाच नेम होता. आमच्या दोन मशीनवर तेव्हा २०१६ होतं, कारण परवाना होता आणि मशीन चालत होतं, मग कशाला हात लावा. या कामाची सुरुवात नेमकी त्यातल्या एका मशीनवर झाली. सगळे पाथ पूर्ण बसले, झेड ड्राइव्हपासून. झेड म्हणजे सर्व्हर. एकदा जोडलेला पाथ नवी आवृत्ती आली म्हणून बदलत नाही, त्यामुळे पुढे बाकीच्या मशीनवर २०२२ आलं तरी जुने पाथ तसेच पूर्ण राहिले.

शोध

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्याची शीट उघडली. काहीच तक्रार नाही. एक्सरेफ सापडलं नाही की ऑटोकॅड फाइल उघडतानाच सांगतं, आणि नकाशात त्या एक्सरेफच्या जागी त्याचा पाथ अक्षरांत लिहून ठेवतं. ती अक्षरं प्लॉटमध्येही येतात. एकदा आमच्या एका शीटवर दिवाणखान्याच्या मधोमध असा पाथ छापून क्लायंटकडे गेला होता, आणि त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं की हे फर्निचर कसलं आहे. इथे तसं काही नव्हतं. एक्सटर्नल रेफरन्सेसच्या पॅलेटमध्ये कॉलमच्या नावापुढे 'लोडेड'. मी तिथेच थांबले असते तर आणखी एक दिवस गेला असता.

पॅलेटच्या खालच्या अर्ध्या भागात तपशील असतात. तिथे दोन ओळी आहेत, ज्या आमच्या ऑफिसात कुणीच वाचत नसे. मीही नाही. एक 'सेव्ह्ड पाथ', म्हणजे शीटमध्ये लिहून ठेवलेला पत्ता. दुसरी 'फाउंड अॅट', म्हणजे फाइल प्रत्यक्षात जिथे मिळाली ती जागा. सेव्ह्ड पाथ म्हणत होता झेड, गोरेगाव, एक्सरेफ, कॉलम. फाउंड अॅट म्हणत होता झेड, काम, गोरेगाव, फ्लोअर शीट, कॉलम.

शीटच्या फोल्डरमध्ये कॉलमची फाइल काय करत होती? मी फोल्डर उघडला. मजल्यांच्या शीटच्या रांगेत कॉलम, ग्रिड, कोअर, सर्व्हे, अशा सगळ्या मूळ फायलींच्या प्रती पडलेल्या. बदलल्याची तारीख जुलैची. कॉलमची ती प्रत आणि आर४ या दोन फायली डीडब्ल्यूजी कम्पेअरमध्ये (दोन नकाशांतला फरक दाखवणारी सोय) एकावर एक लावल्या, तर १४ कॉलम रंग बदलून उठून दिसले. जुलैची प्रत म्हणजे आर२.

झेडनंतर 'काम' हा फोल्डर सेव्ह्ड पाथमध्ये नव्हता, फाउंड अॅटमध्ये होता. तेवढ्या एका शब्दावरून बाकीची गोष्ट उलगडली.

काय घडलं होतं

जुलैत एक आठवडा असा गेला की मध्य रेल्वे दोन दिवस कोलमडली. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी. आमचा ज्युनिअर डोंबिवलीहून येतो. सरांनी त्याला सांगितलं, उद्या येऊ नकोस, मजल्यांच्या शीट घरी घेऊन जा. त्यानं फ्लोअर शीटचा फोल्डर आणि एक्सरेफचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. घरच्या लॅपटॉपवर झेड ड्राइव्ह कुठून असणार? शीट उघडली तर एकही एक्सरेफ नाही. त्यानं डोकं चालवलं आणि सगळे एक्सरेफ शीटच्याच फोल्डरमध्ये टाकले. शीट पुन्हा उघडली, सगळं जागेवर. काम झालं, पाऊस ओसरला, सोमवारी ऑफिसात येऊन त्यानं तो अख्खा फोल्डर सर्व्हरवरच्या जुन्या फोल्डरवर टाकला. प्रतींसकट.

त्याची युक्ती चालली याला कारण आहे. लिहिलेल्या पाथवर फाइल मिळाली नाही तर ऑटोकॅड हात टेकत नाही. ते आधी शीट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे त्या नावाची फाइल बघतं. मग ऑप्शन्समध्ये प्रोजेक्टसाठी दिलेल्या शोधजागा, मग सपोर्ट फायलींच्या जागा, शेवटी ऑटोकॅड जिथून सुरू होतं तो फोल्डर. सबफोल्डरमध्ये शिरत नाही. पहिली मिळेल ती फाइल उचलतं आणि लोडेड म्हणतं. नाव जुळलं की पुरे, तारीख विचारत नाही.

तरीही जुलै ते ऑक्टोबर काही बिघडलं नाही. सर्व्हरवर झेडचा पूर्ण पाथ जिवंत होता, ऑटोकॅड आधी तिथेच जात होतं, शेजारी पडलेल्या प्रतींकडे बघायची वेळच येत नव्हती. ऑगस्टमध्ये आर४ आला, मी एक्सरेफच्या फोल्डरमध्ये बदलला, मजल्यांच्या भिंती नव्या कॉलमप्रमाणे हलवल्या, प्रिंट गेल्या, सगळं बरोबर.

मग दिवाळी. सुट्टीत जुना सर्व्हर काढून नवीन स्टोरेज बसवलं. बसवणाऱ्यानं शेअर (सगळ्या मशीनना झेड म्हणून दिसणारा सर्व्हरचा फोल्डर) एक पायरी वर केला, त्यामुळे झेड उघडला की आधी 'काम' नावाचा फोल्डर, आणि त्यात गोरेगाव. दिसायला किरकोळ. पण पूर्ण पाथ लिहिलेल्या प्रत्येक एक्सरेफचा पत्ता त्या क्षणी मेला.

भाऊबीजेनंतरच्या सकाळी मी सेक्शन आणि एलिव्हेशनच्या शीट उघडल्या. त्यांच्या फोल्डरमध्ये प्रती नव्हत्या, त्यामुळे ऑटोकॅडनं बोंब ठोकली: सापडत नाही. ११ शीट. मी रेफरन्स मॅनेजर (पाथ एकगठ्ठा बघायचं, बदलायचं साधन) उघडला, जुना पाथ शोधून नवा घातला, दहा मिनिटांत मोकळी. मजल्यांच्या शीट उघडल्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. मी समजले, या ठीक आहेत. त्या शेजारच्या जुलैच्या प्रती दाखवत होत्या.

म्हणून ज्युनिअरला जेव्हा बोलावलं आणि तो "ताई, माझ्यामुळे झालं" म्हणत खाली बघायला लागला, तेव्हा मला त्याला थांबवावं लागलं. प्रती त्यानं टाकल्या हे खरं, पण दिवाळीनंतर फक्त ओरडणाऱ्या शीट तपासून गप्प बसणाऱ्या सोडल्या त्या मी.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कळली, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचली. डिसेंबरमध्ये सोसायटीच्या सभासदांनी टॉयलेटची दिशा बदलून मागितली. ते काम करताना त्याला दोन-तीन ठिकाणी भिंत आणि कॉलम यांच्यामध्ये ३०० ची फट दिसली होती. साहजिक आहे, भिंती ऑगस्टच्या, कॉलम जुलैचे. त्याला वाटलं भिंत काढताना राहून गेली असेल. त्यानं एक्सटेंड (रेघ लांबवायची कमांड) मारून भिंत कॉलमला भिडवली आणि फट बुजवली. नव्या टॉयलेटचा दरवाजाही त्याच जुन्या कॉलमवरून मोजून बसवला. या चुकीचा दिसणारा एकमेव पुरावा असा शिस्तीत पुसला गेला. व्यवस्थित काम करणाऱ्या मुलानंच तो पुसला, गबाळ्यानं फट तशीच सोडली असती आणि साइटवरून महिनाभर आधी फोन आला असता.

दुरुस्ती

पहिलं काम म्हणजे किती नुकसान आहे ते कळणं. ६१ शीट एकेक उघडून तपशील वाचत बसायचं नव्हतं. रेफरन्स मॅनेजर ऑटोकॅडबरोबरच येतो (एलटी नावाच्या हलक्या आवृत्तीत मिळत नाही), आणि तो शीट न उघडता त्यांच्यातले पाथ वाचतो. सगळ्यांना शीट बंद करायला लावल्या, ६१ च्या ६१ आत ओढल्या. एक्सरेफच्या आतले एक्सरेफही घ्यायचे का असं तो विचारतो, हो म्हटलं. मग त्याचा अहवाल सीएसव्हीमध्ये काढून एक्सेलमध्ये उघडला. लिहिलेला पाथ आणि सापडलेला पाथ या दोन रकान्यांत जुळत नाहीत त्या ओळी वेगळ्या केल्या. ३७२ ओळींपैकी ३८ जुळत नव्हत्या, सगळ्या मजल्यांच्या शीटमधल्या. त्यातल्या २९ ग्रिड, सर्व्हे, कोअर अशा फायलींच्या, ज्या जुलैनंतर बदललेल्याच नव्हत्या, म्हणजे चुकीच्या जागेवरून बरोबर माल. उरलेल्या ९ कॉलमच्या.

या नऊ शीटपैकी तीन डिसेंबरनंतर साइटवर गेल्या होत्या. त्या तिन्ही परत मागवल्या, प्रत्येक प्रिंटवर 'रद्द' लिहून घेतलं.

मग शीटच्या फोल्डरमधल्या प्रती काढल्या. पुसल्या नाहीत, झिप करून बाजूला ठेवल्या. झिपमधली फाइल ऑटोकॅडला सापडत नाही, आणि उद्या वाद झाला तर पुरावा हाताशी. प्रती काढताच त्या सगळ्या शीट उघडताना एकदम ओरडायला लागल्या, सापडत नाही, सापडत नाही. इतक्या आनंदानं ती खिडकी मी कधी बघितली नव्हती.

त्यानंतर सगळ्या पाथांना योग्य जागा दाखवून पॅलेटमधूनच सापेक्ष केलं. सापेक्ष पाथाला एक अट असते, शीट आणि एक्सरेफ एकाच ड्राइव्हवर हवेत. आमच्याकडे एका मशीनवर तोच सर्व्हर वाय नावानं जोडलेला होता. त्यानं बिघडत नाही, दोन्ही फोल्डर एकाच झाडाखाली असले की अक्षर झेड असो की वाय. सर्व्हरचं नाव घालून पाथ लिहावा असंही एकानं सुचवलं, पण सर्व्हर दिवाळीतच बदलला होता, तेव्हा तो मुद्दा चहा येण्याआधीच निकालात निघाला.

सरांचं म्हणणं वेगळं होतं. साइटवर जाणारी प्रत्येक शीट बाइंड करून टाका, पाथची भानगडच नको. त्यात तथ्य आहे. बाइंड केलं की एक्सरेफ शीटचाच भाग होतं, मग ते हरवणार कुठे? पण बाइंड करताना लेयरच्या, म्हणजे नकाशातल्या थरांच्या, नावांत डॉलर आणि शून्य घुसतात, आणि बाइंड केलेल्या शीटमधला कॉलम तिथेच गोठतो. पुढचा रिव्हिजन तिथे कधीच पोचत नाही. म्हणजे आत्ता जे अपघातानं झालं ते नेमानं करायचं. शेवटी ठरलं असं की चालू फायली कधीही बाइंड करायच्या नाहीत, साइटला पीडीएफ जातेच, आणि सरांच्या समाधानासाठी प्रत्येक वेळी काढलेल्या सेटची बाइंड केलेली एक प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवायची.

घरी काम न्यायचं तर आता ईट्रान्समिट, म्हणजे शीट आणि तिचे एक्सरेफ एकत्र बांधून देणारी कमांड. तोही जपून. त्यात सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये टाकायचा एक पर्याय आहे, तो निवडला तर डोंबिवलीची गोष्ट अधिकृतपणे पुन्हा घडते. फोल्डरची रचना आहे तशी ठेवायचा पर्याय घ्यायचा. परत येताना फक्त शीट आणायच्या, एक्सरेफ नाही.

नावांवरून मात्र बराच खल झाला. स्ट्रक्चरलवाले फाइलच्या नावातच रिव्हिजन घालून पाठवतात, आर४ फायनल, आर४ फायनल सुधारित, असं. ते नाव तसंच जोडलं तर प्रत्येक रिव्हिजनला ६१ पाथ बदलावे लागतील, म्हणून आम्ही नेहमी नुसतं 'कॉलम' ठेवतो. त्याची किंमत अशी की नाव बघून आत काय आहे ते कधीच कळत नाही. यावर तोडगा साधा निघाला. कॉलमच्या फाइलमध्येच, ग्रिडच्या बाहेर उजव्या कोपऱ्यात, एक ओळ: 'कॉलम आर४' आणि तारीख. छापल्या जाणाऱ्या लेयरवर, कधी फ्रीझ न करायची, म्हणजे न लपवायची. शीटच्या व्ह्यूपोर्टमध्ये (नकाशा दिसतो त्या चौकटीत) ती टायटल ब्लॉकच्या, म्हणजे नाव-तारखेच्या चौकटीच्या, वर येते आणि प्रत्येक प्रिंटवर उमटते. कॉलम कुठल्याही फोल्डरमधून आला तरी आपलं वय बरोबर घेऊन येतो.

टॉयलेटचा दरवाजा बाजूच्या भिंतीत सरकला, बेसिन समोर गेलं, आणि सभासदांना ते आधीपेक्षा आवडलं, हा त्यांचा मोठेपणा. तोडफोडीचे पैसे ऑफिसनं दिले.

मार्चमध्ये साइटवरून पुन्हा फोन आला. तोच शांत आवाज. "मॅडम, सातव्या मजल्याच्या शीटवर कोपऱ्यात कॉलम आर४ लिहिलंय. माझ्याकडे स्ट्रक्चरलचा आर५ कालच आलाय. तुम्हाला पाठवला नाही का त्यांनी?"

नव्हता पाठवला.